रिपोर्टातला फराळ

आमच्या गोदाकाठच्या शहागडात माणूस दवाखान्यातून परत आला की 'काय निघालं?' हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न 'खायला काय सांगितलं?' आजार डॉक्टरच्या आणि देवाच्या हातातला, पथ्य मात्र आपल्या चुलीवरचं, अशी ही वाटणी आहे. वांगं बंद केलं की निम्मं दुखणं पळतं, यावर गोदाकाठी दुमत नाही. उलट एखाद्या डॉक्टरनं 'काहीही खा, पथ्य नाही' असं सांगितलं, तर पायऱ्या उतरतानाच त्याच्या डिग्रीबद्दल कुजबुज सुरू होते. पैसे तर घेतले, आन् साधं दही बी बंद केलं नाही!

अशा गावात रिपोर्ट येतो तो इंग्रजीत. सोनोग्राफी अंबडला नाहीतर जालन्याला, शिटीस्कॅन संभाजीनगरला, आणि निदान मात्र शहागडला, मेडिकलच्या काउंटरवर. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीतून फोटो निघतो. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि एमआरआयला 'मोठा फोटो'. कुणीतरी तो उन्हाकडे धरतो, हमखास उलटा धरतो, आणि काळीज भलतीकडे बघून गंभीर होतो. मग कागद काढला जातो. वाचनाचा मान कॉलेजच्या पोराला. पानभर इंग्रजी असतं: हायपोइकोइक, हेटरोजीनियस, लोब्युलेटेड. गोदावरीच्या पुलावरच्या खड्ड्यांतून एसटी जाते तसं पोरगं त्यातून जातं. आणि एकदम त्याचा चेहरा उजळतो. पानभर अनोळखी गर्दीत एक ओळखीचा शब्द भेटलेला असतो.

"चॉकलेट!"

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या सोनोग्राफीत 'चॉकलेट सिस्ट' निघाली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी म्हणतच व्हते, लेकरांच्या डब्यातलं खात जाऊ नको." घरातलं चॉकलेट त्या दिवसापासून बंद. शिक्षा भोगली ती दोन लेकरांनी. खरं म्हणजे या गाठीत चॉकलेटचा कणही नसतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर वाट चुकून बीजकोषात जाऊन बसतं, दर महिन्याला तिथंच रक्त सांडतं, ते साचून जुनं होतं, घट्ट आणि काळपट तपकिरी होतं. १९२१ साली जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं या गाठींवर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच 'चॉकलेट' होतं. त्यांनी ते कंसात घातलं होतं. कंस पुढे कुठेतरी गळाला, चॉकलेट राहिलं, आणि शंभर वर्षांनी ते शहागडच्या दोन लेकरांच्या तोंडातून काढून घेण्यात आलं.

दुसऱ्या एका काकांच्या छातीच्या फोटोत 'पॉपकॉर्न कॅल्सिफिकेशन' निघालं. काकांचा दोन एकर मका उभा. घरात शोककळा. नागपंचमीला नागोबाला लाह्या मिळाल्या, काकांना मिळाल्या नाहीत. ज्वारीच्या लाह्यासुद्धा नाहीत, कारण लाही ती लाहीच. आता गंमत अशी की रिपोर्टातली ही खाण्याची वस्तू म्हणजे आनंदाची बातमी. फुफ्फुसात गाठ आहे आणि तिच्यातला चुना फुटलेल्या मक्यासारखा गुबगुबीत, झुबक्याझुबक्यांचा दिसतोय, तर ती बहुधा हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते. वय झालेल्या बायकांच्या स्तनातल्या जुन्या, साध्या गाठीतही असाच मका फुटलेला दिसतो. रेडिओलॉजिस्टनं 'पॉपकॉर्न' लिहिलं म्हणजे त्यानं सुटकेचा श्वास सोडला असं समजावं. काकांनी मात्र तो श्वास सव्वा वर्ष धरून ठेवला.

रिपोर्टाच्या तळाशी एक वाक्य असतं, ते कुणीच वाचत नाही: 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'. शहागडी भाषेत सांगायचं तर, 'मला सावली दिसली ती मी सांगितली, माणूस तुम्ही बघा.' हे वाक्य तुमच्या डॉक्टरसाठी असतं. कोरिलेशन आमच्याकडे होतं ते थेट स्वयंपाकघराशी.

पण डॉक्टर लोकांना ही खादाडी सुचते कुठून? विल्हेल्म रोंटजेन यांना क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, आणि त्याच डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. तेव्हापासून डॉक्टर मंडळी सावल्यांकडे बघत बसली आहेत. सावलीला काही नाव तर द्यावं लागतं. फेल्सन नावाचे एक नामांकित अमेरिकन रेडिओलॉजिस्ट होते, त्यांच्यामुळे 'ऑन्ट मिनी' हा शब्द या धंद्यात रुळला. म्हणजे असा फोटो, की बघताक्षणी ओळख पटते आणि वाद संपतो. का ओळखली ते सांगता येत नाही. मिनी मावशी ती मिनी मावशी. एसटी स्टँडच्या गर्दीत आपण आपली मावशी चालण्यावरून ओळखतो, तिच्या कमरेचा कोन मोजत नाही. पण नव्या शिकाऊ डॉक्टरला मावशी दाखवायची कशी? त्यानं तिला कधी पाहिलेलंच नाही. मग त्याला माहीत असलेल्या वस्तूची खूण सांगायची. आणि माणसानं दिवसातून तीनदा निरखून पाहिलेली वस्तू कोणती, तर ताटातली.

त्यात रेडिओलॉजिस्ट अंधाऱ्या खोलीत बसतात, आणि जेवायला उशीर होतो. हा माझा स्वतःचा सिद्धांत आहे, पुस्तकात मिळणार नाही. पण खात्यांची यादी बघा. पेशी बघणाऱ्यांचं तळलेलं अंडं आहे. हृदयाचं पाव-लोणी आहे: हृदयाच्या आवरणाला विशिष्ट सूज आली की त्याचे दोन पदर लोणी लावून उचकटलेल्या पावासारखे दिसतात. मेंदूवाल्यांचा हॉट क्रॉस बन आहे, गुड फ्रायडेला खातात तो, वर क्रूस काढलेला. एका दुर्मीळ आजारात मेंदूच्या देठावर नेमका तसाच क्रूस उमटतो. स्वादुपिंडाचं सॉसेज, सांध्यात बोटांचं पुन्हा सॉसेज, सारकॉइड नावाच्या आजारात छातीत बटाटे, हृदयाभोवती पाणी साचलं तर बाजूनं काढलेल्या फोटोत ओरिओचं बिस्कीट. १९७९ साली टेरी आणि हँचर्ड या दोन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये वैद्यकातल्या अशा खाद्यपदार्थांवर एक आख्खा लेख लिहिला. तेव्हा ओरिओ यादीत असेल असं वाटत नाही. आज मात्र ओरिओ शहागडच्या प्रत्येक टपरीवर दहा रुपयांना लटकलेला असतो, म्हणजे ही एक खूण तरी आमच्यापर्यंत आली. हॉट क्रॉस बन अजून बीडच्या पुढे सरकलेला नाही.

या सगळ्यात खरी कीव येते ती आमच्या भागातून एमबीबीएसला जाणाऱ्या पोरांची. पोरगं वडीगोद्रीचं असो की गेवराईचं, घरी माळकरी, मासा ताटात कधी आलेला नाही. ते संभाजीनगरच्या घाटीला किंवा अंबाजोगाईला शिकायला जातं, आणि पहिल्याच काही वर्षांत त्याला पाठ करावं लागतं की अमीबामुळे यकृतात पू झाला, तर तो 'अँकोव्ही सॉस'सारखा दिसतो. अँकोव्ही हा मासा. त्याचा सॉस इंग्रज लोक करीत. आमच्या पोरानं मासा पाहिला तो जायकवाडीचं पाणी सुटल्यावर गोदावरीत, आणि सॉस पाहिला तो समोशाबरोबर, लाल. पण प्रश्न आला की ते बिनदिक्कत लिहितं: अँकोव्ही सॉस. तपासणारे सर पूर्ण मार्क देतात. सरांनीही तो सॉस पाहिलेला नसतो. सरांच्या सरांनीही नाही. पिढ्यान् पिढ्या कुणीच न चाखलेला एक सॉस उत्तरपत्रिकांतून वाढला जातोय, आणि प्रत्येकानं तो ओळखलाय. बरं, पू ते ओळखतात बिनचूक, कारण पू त्यांनी पाहिलाय. म्हणजे खरं तर इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर आमचं पोर उभं केलं, तर ते सॉसकडे बघून म्हणेल, हा तर यकृतातल्या पुवासारखा दिसतोय.

तसंच 'रेड करंट जेली'चं. तान्ह्या बाळाचं आतडं दुर्बिणीच्या नळीसारखं स्वतःतच सरकतं आणि अडकतं. सोनोग्राफीत ते आडवं कापून बघितलं की गोल गोल वेढे दिसतात. पुस्तक त्याला डोनट म्हणतं. महामार्गावरच्या हॉटेलात सकाळी मिळणारा मेदूवडा चालला असता. आणि बाळाच्या शीत रक्त आणि शेंब पडते, ती म्हणे लाल करंटच्या जेलीसारखी. इथे मात्र विनोद क्षणभर थांबवतो. सहा महिन्यांच्या आगेमागे वयाचं बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, उलटी करत असेल आणि शीत लाल शेंबूड दिसला, तर घुटी उगाळत बसू नका, 'नजर लागली' म्हणत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. लवकर नेलं तर पुष्कळदा हवेच्या किंवा पाण्याच्या दाबानंच आतडं सुटतं, कापायला लागत नाही.

शहागड महामार्गावर असल्यामुळे आम्हाला दोन खाद्यखुणा विशेष जवळच्या. डोक्याला मार लागल्यावर सिटीस्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसतं. बाहेरच्या आवरणावर साचलं तर दोन्हीकडून फुगीर, लिंबासारखं. आतल्या बाजूला पसरलं तर वाकडं, केळ्यासारखं. शिकाऊ डॉक्टरांना हे लिंबू-केळं शिकवलं जातं, आणि ते विसरत नाहीत. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पुढं लिंबू-मिरची लोंबते, आणि हेल्मेट मोटरसायकलच्या आरशाला. बाहेरच्या लिंबाला काय जमतं ते मला माहीत नाही, पण आतलं लिंबू फार फसवं आहे. त्यात पुष्कळदा कानशिलामागची एक धमनी फाटलेली असते. पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, चहा पितो, 'काही नाही झालं' म्हणतो, आणि तासा-दोन तासांनी बोलता बोलता कोसळतो. त्या मधल्या शहाण्या वेळेवर कुणीही भाळू नये. 'चांगला बोलत व्हता की' हे वाक्य आमच्या रस्त्यावर फार वेळा ऐकलंय.

दुसरी खूण कानातली. मधल्या कानात तीन इवलीशी हाडं असतात. सिटीस्कॅनच्या एका कापात त्यातली दोन अशी दिसतात, जणू कोनावर आईसक्रीमचा गोळा ठेवलाय. नीट ठेवलेला असेल तर कान ठीक. डोक्याला मार लागून ऐकू यायचं कमी झालं, आणि फोटोत गोळा कोनावरून घसरलेला दिसला, तर हाडांचा सांधा निखळला. मला ही सगळ्या यादीत उत्तम खूण वाटते. कारण शहागडच्या उन्हात कोनावरून आईसक्रीम पडणं म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या लेकराला समजावून सांगावं लागत नाही.

आता कुणाला वाटेल की हा सगळा विलायती ताटाचा मामला, आपलं त्यात काहीच नाही. तसं नाही. जायफळ आहे. हृदय दमलं आणि रक्त मागे तुंबलं, की यकृत कापलेल्या जायफळासारखं चितकबरं होतं. सिटीस्कॅनमध्येही तसंच ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. सहाणेवर घुटी उगाळणाऱ्या आमच्या आज्ज्यांना हे यकृत लगेच ओळखता आलं असतं. कांदा आहे: लहान मुलांच्या हाडांच्या एका कॅन्सरमध्ये हाडावर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर चढतात. तीळ आहे: अंगठ्याच्या बुडाशी तिळाएवढी हाडं असतात, त्यांना सेसमॉइड म्हणजे तिळासारखी म्हणतात, आणि त्याच जातीतलं सगळ्यात मोठं हाड म्हणजे गुडघ्याची वाटी. संक्रांतीला कुणी एवढा तीळ हातावर ठेवला, तर गोड बोलणं अवघड आहे.

आणि साबुदाणा आहे! हा माझा लाडका. अमायलॉइड नावाचा एक पदार्थ प्लीहेत साठतो, आणि प्लीहा कापली की आत साबुदाण्याचे दाणे पसरल्यासारखे दिसतात. पुस्तकात तिचं नावच 'सॅगो स्प्लीन'. पूर्वी हा प्रकार पुष्कळदा जुनाट क्षयामागून यायचा. या पदार्थाचं नाव रूढ केलं जर्मनीच्या विर्खोनं, १८५४ साली. त्यानं त्यावर आयोडीन टाकलं, रंग बदलला, त्याला वाटलं हा स्टार्चच, म्हणून 'अमायलॉइड' म्हणजे स्टार्चसारखा. पाचच वर्षांत, १८५९ ला, फ्रीडराइख आणि केकुले यांनी दाखवून दिलं की हे स्टार्च नाही, प्रथिन आहे. म्हणजे साबुदाणा दिसला, साबुदाणा ठरला, आणि तपासल्यावर उपासाला न चालणारा निघाला. तरी नाव बदललं नाही. एकदा पंगतीत बसलेला पदार्थ वैद्यकात उठवत नाहीत.

खरं सांगायचं तर, अन्नावरून आजार मोजायची विद्या शहागडला रोंटजेनच्या कितीतरी आधीपासून येते. अंगावरची गाठ किती मोठी, हे आमच्याकडे सेंटिमीटरमध्ये कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. सुरुवात मोहरीपासून. मग ज्वारी, मग हरभरा, मग बोर, सुपारी, लिंबू. मोसंबीपर्यंत गेली की घरातल्या बायका रडायला लागतात, आणि कवठापर्यंत गेली की बाप्या माणूस दवाखान्यात जायला तयार होतो. हे मापक पक्कं आहे. डॉक्टरही 'आधी केवढी होती?' असं विचारून उत्तरात 'हरभऱ्याएवढी' ऐकलं, की मान हलवून कागदावर सरळ मिलिमीटर लिहितो. एकच अडचण: मापक माहीत आहे, पण पहिल्या चार खुणांपर्यंत कुणी घराबाहेर पडत नाही.

मोसंबीवरून एक सांगायलाच हवं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, अंबड तालुक्यात बागा आहेत, आणि त्या फळाच्या सालीवरचे बारीक खड्डे इथल्या प्रत्येक बाईच्या बोटांना पाठ आहेत. स्तनाच्या कॅन्सरची एक खूण जगभर फ्रेंच नावानं शिकवली जाते, 'संत्र्याची साल'. त्वचेतलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा तुंबतात, कातडी सुजते, पण केसांच्या मुळांपाशी ती खिळल्यासारखी खालीच राहते, म्हणून खड्डे पडतात. ही खूण बघायला सिटीस्कॅन लागत नाही, डॉक्टरही लागत नाही, न्हाणीतला आरसा पुरतो. फ्रान्सनं संत्रं दिलं, ठीक आहे. अंबड तालुक्यात हे मोसंबी म्हणून सांगितलं, तर एखादी बाई लिंबाची वाट न बघता आधीच दवाखान्यात जाईल. गावच्या आशाताईंनी एकदा बचत गटाच्या बैठकीत मोसंबी हातात घेऊन सांगावं. बैठकीला चहाबरोबर रसही होईल.

शिबं पुष्कळांना उन्हाळ्यात होतात, मानेवर, पाठीवर, पांढरट ठिपके. ती बुरशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की आखूड काड्या आणि गोळे दिसतात. पाठ्यपुस्तक म्हणतं, 'स्पॅगेटी आणि मीटबॉल'. आमच्याकडे आठवडी बाजारात ते केव्हापासून तागडीवर मोजून मिळतं: शेव-बुंदी. हा बदल पुढच्या आवृत्तीत करायला हरकत नसावी.

एका मिठाईबद्दल मात्र मला हसू येत नाही. गर्भाचं लिंग ओळखण्याच्या सोनोग्राफीतल्या खुणांनाही परदेशी पुस्तकांत खाद्यपदार्थांची नावं आहेत. ती मी इथे लिहिणार नाही. लिहायची गरजही नाही, कारण आपल्याकडं त्यासाठी अस्सल देशी नावं होती: मुलगा झाला तर पेढा, मुलगी झाली तर जिलेबी नाहीतर बर्फी. बाळंतपणानंतर वाटायची ही मिठाई, सोनोग्राफी आल्यावर काही ठिकाणी बाळंतपणाआधीच डॉक्टरच्या तोंडून वाटली गेली. 'पेढे घेऊन या' एवढं म्हटलं की झालं. महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. २०११ च्या जनगणनेत तिथे शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. कमी पडलेल्या मुलींच्या बर्फ्या कुणी वाटल्याच नाहीत.

शेवटचा पदार्थ बाजरी. ही जुनी आणि सगळ्यात आपली. क्षयाचे जंतू रक्तात उतरले आणि सगळ्या शरीरभर पसरले, की फुफ्फुसाच्या फोटोत दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, एक ते तीन मिलिमीटरचे एकसारखे ठिपके दिसतात. कुणीतरी मुठीनं बाजरी फेकावी आणि ती छातीत रुजावी तसे. याला 'मिलिअरी टीबी' म्हणतात, आणि 'मिलिअरी' म्हणजे बाजरीसारखा. जिनिव्हाच्या मांजे नावाच्या डॉक्टरनं १७०० साली हे नाव दिलं. तेव्हा क्ष-किरण नव्हते. त्यानं मेलेल्या माणसाचं फुफ्फुस उघडून पाहिलं होतं. त्याचं धान्य आपल्या बाजरीचं युरोपी चुलत भावंड होतं, पण शहागडच्या घरात ते नातं सहज चालून जाईल. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष ठरवलं, भाकरीचं पीठ पंचतारांकित हॉटेलात गेलं, फोटो निघाले. छातीतल्या बाजरीला मान मिळून तोवर सव्वातीनशे वर्षं होत आली होती.

आता तुमच्या घरी असा रिपोर्ट आला आणि वाचणाऱ्या पोरानं 'बाजरी' म्हटलं, तर काय होणार हे मला दिसतंय. थंडीतली भाकरी बंद, तीळ लावलेली तर पहिली बंद. तसं करू नका. क्षय बाजरीनं होत नाही, थंड खाल्ल्यानं होत नाही, दह्यानं होत नाही, जंतूनं होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, किमान सहा महिने घ्यावं लागतं, आणि बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडायचं नसतं. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते पाचशे होते. हे पैसे पथ्यासाठी दिलेले नाहीत, खाण्यासाठी दिलेले आहेत. अंडी आणा, शेंगदाणे आणा, डाळ आणा, आणि बाजरीचं पीठ संपलं असेल तर गिरणीत दळण टाका.